माझी पदोन्नती आणि २५ मे २००४ ही तारीख

सामान्य प्रशासन विभागाच्या ७ मे २०२१ च्या शासन निर्णयामुळे मी अधीक्षक झालो, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पदोन्नतीतील आरक्षणाच्या या विषयात माझा स्वार्थ कोणत्या बाजूला होता याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात शंका राहणार नाही. मी खुल्या प्रवर्गातला. नाशिकमधील एका शासकीय कार्यालयात १९९३ साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, नोकरीचा बहुतेक काळ आस्थापना शाखेत काढला आणि शेवटची दोन वर्षे अधीक्षकाच्या खुर्चीत बसून निवृत्त झालो. ही खुर्ची ज्यांची म्हणून आम्ही सारेच धरून चाललो होतो, ते माझे सहकारी सुरगाणा तालुक्यातले, अनुसूचित जमातीचे. ते नोकरीत माझ्यामागून चार वर्षांनी आले. मात्र २००८ मध्ये, म्हणजे माझ्या चार वर्षे आधी, वरिष्ठ लिपिक झाले. मला ते पद २०१२ मध्ये मिळाले. मधल्या चार वर्षांत माझ्या टिपणीवर आधी त्यांची सही होत असे आणि माझ्या मसुद्यातल्या चुकाही तेच काढत.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे निवृत्तांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात फिरलेला एक संदेश. पदोन्नतीतील आरक्षण म्हणजे ज्येष्ठांच्या डोक्यावरून मारलेली उडी, असा त्याचा आशय होता, आणि ज्यांनी त्याला अंगठ्याचे चिन्ह टाकून दाद दिली त्यांतील निम्म्या मंडळींची सेवापुस्तके मी स्वतः लिहिलेली आहेत. गटावर वाद घालण्यापेक्षा सविस्तर येथे लिहावे असे वाटले.

राज्याचा आरक्षण कायदा २००१ चा. तो अमलात आला जानेवारी २००४ मध्ये. त्यानंतर २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के पदे राखीव झाली : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती अ ३, भटक्या जमाती ब अडीच, क साडेतीन, ड दोन आणि विशेष मागास प्रवर्ग दोन. इतर मागासवर्गाचे १९ टक्के केवळ सरळसेवेत, म्हणजे थेट भरतीत आहेत, पदोन्नतीत नाहीत. ही साधी गोष्टसुद्धा वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. हा शासन निर्णय महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) २०१४ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. पदोन्नतीत आरक्षण देताच येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले होते की, असे आरक्षण देण्यापूर्वी प्रतिनिधित्व अपुरे असल्याची आकडेवारी राज्याकडे असली पाहिजे, आणि आपल्या राज्याला ती दाखवता आली नाही. कर्नाटकाचा कायदा याच कारणाने २०१७ मध्ये कोसळला. त्या राज्याने समिती नेमली, आकडे गोळा केले, नवा कायदा केला आणि २०१९ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकवून दाखवला. आपण प्रकरण घेऊन दिल्लीला गेलो आणि इकडे शासन निर्णय काढत बसलो. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयाने ३३ टक्के पदे रिक्त ठेवून उरलेली भरायची होती. ७ मेच्या निर्णयाने सगळीच पदे २५ मे २००४ रोजीच्या ज्येष्ठतेनुसार भरायची ठरली. तीन महिन्यांच्या आत राखून ठेवलेली पदे खुली झाली. मंत्रिमंडळातीलच नितीन राऊत यांनी त्याला उघड विरोध केला. तरी आमच्या कार्यालयात त्या निर्णयाची अंमलबजावणी झाली आणि तिचा लाभार्थी मी होतो.

या तारखेचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. आरक्षित बिंदूवर, म्हणजे राखीव ठरलेल्या क्रमांकावर, आधी पदोन्नत झालेल्या कर्मचाऱ्याला वरच्या पदावरची ज्येष्ठताही मिळावी की मागून आलेल्या मूळच्या ज्येष्ठाने त्याला पुन्हा मागे टाकावे, हा वाद नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि निकाल मूळच्या ज्येष्ठाच्या बाजूने लागला. त्यावर संसदेने ८५ वी घटनादुरुस्ती करून अनुसूचित जाती-जमातींसाठी ‘परिणामी ज्येष्ठता’ आणली आणि ती १७ जून १९९५ पासून लागू धरली. मे २०२१ च्या निर्णयाने प्रत्यक्षात काय केले, तर माझ्या सहकाऱ्याची वरिष्ठ लिपिक पदावरील तेरा वर्षे बाजूला ठेवली, आम्हा दोघांना पुन्हा २००४ सालच्या कनिष्ठ लिपिकांच्या रांगेत उभे केले आणि मला पुढे काढले. संसदेने जी गोष्ट घटना बदलून दिली होती, ती मंत्रालयातील एका परिपत्रकवजा कागदाने परत घेतली, असेच मला वाटते. आणि हे वाटत असतानाही मी आदेश स्वीकारून रुजू झालो.

आता ‘उडी’विषयी. बिंदुनामावलीची, म्हणजे कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे दाखवणाऱ्या यादीची, नोंदवही ज्याने कधी भरलेली नाही, त्याला वाटते की जागा रिकामी झाली की ती दर वेळी ‘त्यांच्याकडे’च जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या सभरवाल निकालापासून हिशोब रिक्त जागांचा नसून पदांचा आहे. समजा, एका संवर्गात, म्हणजे एकाच दर्जाच्या पदांच्या समूहात, ४० पदे आहेत. तर ढोबळमानाने पाच पदे अनुसूचित जातीची आणि तीन जमातीची. ती एकदा भरली की चक्र थांबते. त्यानंतर ज्या प्रवर्गाचा माणूस निवृत्त होईल, त्याच प्रवर्गाच्या माणसाने ते पद भरायचे. दुसरा मुद्दा कार्यक्षमतेचा. लिपिकवर्गात खुल्या प्रवर्गाची पदोन्नती तरी कशावर होते? रुजू झाल्याच्या तारखेवर, म्हणजे ज्येष्ठतेवर, पात्रतेच्या अधीन राहून. विभागीय परीक्षा आणि गोपनीय अहवाल सर्वांनाच लागतात. माझ्या सहकाऱ्याने ती परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पार केली, मी दुसऱ्या. तेव्हा आरक्षणाने माझी गुणवत्ता डावलली, असे म्हणण्याची सोय मला तरी नाही. डावलली गेली असेल तर माझी तारीख. तारीख लहान गोष्ट नव्हे, माणूस तिच्यावर आयुष्य मोजतो. पण तिला गुणवत्ता म्हणू नये.

माझे खरे भांडण आकडेवारीशी आहे. जर्नैल सिंग प्रकरणातील २८ जानेवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतिनिधित्व संवर्गनिहाय मोजले पाहिजे. सबंध सेवेची किंवा गटाची एकत्र बेरीज चालणार नाही. (कर्नाटकाची गटनिहाय पद्धतही त्यामुळे चुकीची ठरली.) हे वाचले तेव्हा मला हसूच आले, कारण संवर्गनिहाय आकडे हेच तर माझे आयुष्यभराचे काम होते. प्रत्येक संवर्गाची स्वतंत्र बिंदुनामावली असते. कोणत्या बिंदूवर कोण, कोणत्या प्रवर्गाचा, कधी आला, कधी गेला, अनुशेष किती, हे सगळे तिच्यात असते. त्या नोंदवह्या कापडात बांधून, रिक्षात घालून, द्वारका चौकातल्या कोंडीत अर्धा तास अडकून आम्ही नाशिकरोडला विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडे तपासणीसाठी नेत असू. तेथे बिंदू न् बिंदू तपासला जाई. जातवैधता प्रमाणपत्राचा क्रमांकही मागितला जाई. अशा तपासलेल्या नोंदवह्या प्रत्येक विभागात असताना ‘आकडेवारी नाही’ हे उत्तर न्यायालयात कोणी आणि कसे दिले, हे मला आजवर उमगलेले नाही. ‘पुरेसे’ कशाला म्हणायचे याचे माप न्यायालयाने राज्यावर सोडले आहे; ते राज्याने ठरवावे, लिहून काढावे आणि ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावे. एखाद्या संवर्गात प्रतिनिधित्व पुरेसे आढळले तर तेथे आरक्षण थांबवण्याची तयारीही ठेवावी लागेल, हे समर्थकांनी मान्य करायला हवे. शिपाई संवर्गात आमच्याकडे ही स्थिती केव्हाच आली होती. अधीक्षक पदाच्या यादीत मात्र माझ्या तीसएक वर्षांत जमातीचे नाव क्वचितच दिसले.

एक अवघड गोष्ट राहते. घटनेचे कलम १६ (४क) पदोन्नतीच्या संदर्भात केवळ अनुसूचित जाती आणि जमातींचे नाव घेते. आपल्या ३३ टक्क्यांपैकी १३ टक्के विमुक्त, भटके आणि विशेष मागास यांचे आहेत, आणि पदोन्नतीत आरक्षण नाही असे सांगणाऱ्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर त्यांना या कलमाचा आधार नाही. सर्वांत कमी शिकलेल्या, कचेरीची पायरी सर्वांत उशिरा चढलेल्या जमाती यांतच आहेत. वीस आणि तेरा हे दोन आकडे एकत्र बांधून ठेवल्यामुळे तेराचे दुखणे वीसलाही भोवते, आणि हे स्पष्ट बोलण्याचे धाडस कोणत्याही पक्षाने केल्याचे मी पाहिलेले नाही.

गटावरील एका मित्राने लिहिले होते की, आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळतेच, मग पदासाठी एवढा अट्टहास कशाला. मिळते, हे खरे. माझ्या सहकाऱ्यांनाही मिळाली. दोघांच्या वेतनात फरक असा नव्हताच. पण वेतनश्रेणीने टिपणीवर ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून अधीक्षक म्हणून सही करता येत नाही, आणि गावाकडून कामासाठी आलेल्या माणसाला आपल्यातला एक जण त्या दालनात बसलेला दिसत नाही.

२०२३ मध्ये मी निवृत्त झालो, त्या दिवशी माझा कार्यभार त्यांनीच घेतला. विभागाच्या यादीत २००४ च्या स्थितीनुसार त्यांच्यापुढे अजून बरीच नावे होती, म्हणून आदेशात ‘अतिरिक्त कार्यभार’ असा शब्द होता. हस्तांतरणाच्या कागदावर माझ्या सहीखाली अधीक्षक लिहिले होते, त्यांच्या सहीखाली वरिष्ठ लिपिक.