फ्लोरेन्सची म्युझियम बघायला पण तिकीट ब्लॅकनेच घ्यायचं का?

अरे काय चाललंय काय हे? इटलीतल्या फ्लोरेन्सच्या उफीझी गॅलरीचं, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाचं तिकीट काढायला ऑफिशियल साइटवर जावं तर आपले सगळे दिवस फुल्ल, आणि त्याच दिवसाचे त्याच सकाळचे स्लॉट दुसऱ्या दहा साइटवर आरामात मिळतायत, फक्त भाव तिप्पट! मूळ तिकीट २५ युरो, आधी बुक केलं की वर ४, म्हणजे २९. आम्ही माणशी ८० च्या वर मोजले. थेटरबाहेर 'दस का बीस' करणारे निदान पोलीस दिसला की पळायचे तरी, हे तर सर्चमधे पैसे भरून सगळ्यात वर बसतात, फोटो म्युझियमचा, नाव असं की वाटावं हीच खरी साइट.

आणि लगेच शहाणे येतील सांगायला, आधी बुक करायचं ना! कसं करणार? आपला पासपोर्ट व्हिसासाठी अडकलेला, तो हातात पडेपर्यंत जाणार की नाही हेच नक्की नसतं, तिकीट काढून ठेवलं आणि व्हिसा नाही आला तर ते पैसे पाण्यात. अमेरिकन, जपानी लोकांना व्हिसा लागत नाही, ते कधीचं बुक करून मोकळे. आपण पोचेपर्यंत उरतो फक्त एजंटांनी अडवलेला माल. त्यात सोमवारी उफीझी बंद, मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं म्युझियम अकादेमिया पण बंद, त्यामुळे मंगळवारी सगळं गाव एकदम उलटतं. महिन्यातल्या पहिल्या रविवारी फुकट असतं, पण तेव्हा बुकिंग नाही, उन्हात रांग लावा. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

माझे सासरे शाळेत ड्रॉइंग टीचर होते. आयुष्यभर पोरांकडून पानं-फुलं काढून घेतली, एलिमेंटरी इंटरमिजिएटला बसवलं, आणि चित्रकार बोत्तिचेल्लीचं उफीझीतलं 'प्रिमावेरा' पाहिलं ते पुस्तकातल्या धुरकट छपाईत. त्यांना त्या चित्रातली जमिनीवरची फुलं बघायची होती बस, बाकी काही नको. पण ह्या साइटवाल्यांकडे नुसतं तिकीट मिळतच नाही, गाइड गळ्यात मारतात, मग चौकात एका झेंडेवाल्या बाईला शोधा, व्हाउचर दाखवा, कानात हेडफोन घाला. 'स्किप द लाइन' म्हणून पैसे घेतले आणि सिक्युरिटीची लाइन होतीच की! आत गेल्यावर बाबा चष्मा पुसून पुढे वाकले, एकेक फूल ओळखायला लागले, तेवढ्यात कानात नेक्स्ट नेक्स्ट सुरू, आणि समोर सगळे फोन वर करून उभे, बोत्तिचेल्लीच्याच 'व्हीनस'च्या चित्राकडे पाठ करून सेल्फी घेतायत. मी त्या बाईला म्हटलं की ह्यांना पाच मिनिटं थांबू दे, तर म्हणे ग्रुप थांबत नाही. अगं मग आम्ही ग्रुप मागितला होता का??

फ्लोरेन्सच्याच सान मार्कोत, म्हणजे जुन्या मठातल्या म्युझियममधे मात्र तिकीट सहज मिळालं. जिना चढलं की समोर चित्रकार फ्रा आंजेलिकोचं 'अननसिएशन', देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी देतो ते भित्तिचित्र, देवदूताच्या पंखांवर रंगांचे पट्टे, बाबा हवं तेवढं उभे राहिले, कुणी हटकलं नाही. म्हणजे जमतं की नाही? जिथे एजंटांना कमाई नाही तिथे सगळं नीट चालतं.

सगळ्यात संताप कशाचा येतो माहितीये, हा खजिना शहरात राहिलाय तोच मुळी फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातली शेवटची बाई आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मधे करार करून ठेवला म्हणून. यातलं काही फ्लोरेन्सबाहेर न्यायचं नाही, हे राज्याची शोभा म्हणून, लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी माणसांना बघायची ओढ लागावी म्हणून आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. १७६९ मधे उफीझी लोकांसाठी उघडली पण. आणि आज त्या परदेशी माणसाला दारात कोण अडवतंय तर मधला दलाल, ज्याने एक भिंत रंगवली नाही की एक चित्र पुसलं नाही!

एका एजन्सीला दिवसाला किती तिकिटं यावर कडक मर्यादा घाला, गाइड सक्तीने चिकटवणं बंद करा, न विकलेले स्लॉट दोन दिवस आधी ऑफिशियल साइटवर परत आलेच पाहिजेत. एवढं अवघड आहे का हे?

आणि निर्लज्जपणा बघा, त्याच साइटवाल्यांचा मेल आलाय, अनुभव कसा वाटला, पाच स्टार द्या म्हणून. एक स्टार दिलाय आणि वरचं सगळं लिहिलंय, डिलीट केलं तर परत टाकणार.