माझे बारा फ्लॅट आणि एक छप्पर

मुंबईत माझे बारा फ्लॅट आहेत. प्रत्येकी ३२ चौरस फूट, सगळा कार्पेट एरिया. आठ फूट उंच, चार फूट रुंद, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर कापड ताणून त्यावर डिस्टेंपर. ज्यांनी नाटकाचा सेट कधी खांद्यावर घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो, रंगमंचावर तुम्हाला जी भिंत दिसते तिला आम्ही फ्लॅट म्हणतो. आमच्या नाटकात हे बारा फ्लॅट मिळून एका कीर्तनकाराचं घर उभं करतात आणि पडदा पडला की ते घर दोरीने बांधून लालबागच्या गोडाउनला परत येतं. ते आणायचं काम माझ्याकडे, कारण मला गाडी येते. अभिनय येत नाही हे मंडळींनी पहिल्या तालमीलाच ओळखलं होतं.

गाडी म्हणजे छोटा हत्ती. टाटांची 'एस' ही छोटी मालवाहू गाडी २००५ साली रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचं परस्पर बारसं करून टाकलं. आमचा हत्ती सेकंडहँड. आधीचा मालक त्यातून ससून डॉकची मासळी वाहायचा, ही माहिती व्यवहार झाल्यानंतर आमच्या नाकांनी दिली.

छप्पर येईपर्यंत हौद्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागावर, आमचं ताडपत्रीवर भागत होतं. गेल्या जुलैत हिंदमाताला अडकलो, तेव्हा ताडपत्रीत पाणी साचून तिची पखाल झाली आणि बरोबर मधोमध फुटली. विठोबाचा कोनाडा वाहून तुळशीवृंदावनात गेला. रात्री पार्ल्याला दीनानाथमध्ये त्याच भिंती उभ्या केल्या. घराला ओल आलीय असं समजून प्रेक्षक कीर्तनकाराच्या गरिबीने हेलावले. दिग्दर्शक खूश होता, पण मी हौद्यावर पक्कं छप्पर बसवायचं ठरवलं.

भाच्याने लगेच मोबाइलवर अमेरिका उघडली. तिकडे याला टॉपर म्हणतात. दोन माणसं फायबरचं टोपण उचलतात, हौद्याच्या कठड्यावर ठेवतात, खाली फोमची पट्टी, कडेला चार क्लॅम्प, वीस मिनिटांत काम फत्ते. हौदा किती मजबूत यावरून तिकडच्या कंपन्या भांडतातसुद्धा. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० पिकअपला अ‍ॅल्युमिनियमचा हौदा दिला, तर २०१६ मध्ये शेवरलेने जाहिरातच काढली. ८२५ पौंडांचे, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे किलोंचे ठोकळे पाच फुटांवरून दोन्ही हौद्यांत ओतले. फोर्डच्या हौद्याला भोकं पडली, स्वतःच्या पोलादी हौद्याला नुसते पोचे. भाचा म्हणाला, "मामा, आपण पण अशी टेस्ट करूया?"

ती टेस्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका मिस्त्रीने केली, तीही छोट्या हातोडीने. तो हौद्यात उकिडवा बसला आणि डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा ठोकत मागे मागे सरकत गेला. पुढे 'ठण्'. मधे 'ठक्'. मागच्या डाव्या कोपऱ्यात आवाजच आला नाही, कारण हातोडी आरपार गेली होती.

"साहब, ये पत्रा नहीं है, पापड है. ऊपर कलर है इसलिए खडा है."

आमच्या मुख्य नटाबद्दलही असंच बोललं जातं, त्यामुळे मी दचकलो नाही. मिस्त्रीने मला गाडीखाली झोपवून दाखवलं. हौद्याची ताकद पत्र्यात नसतेच, ती खालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत, म्हणजे चॅनलमध्ये. पत्रा फक्त भार सगळीकडे वाटून देतो. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चॅनलच्या सांध्यांत मुरलं होतं. दोन चॅनल बदलायचे, पत्रा नवा टाकायचा.

"कितना गेज डालू? अठारा?"

इथे मला उदार व्हायची हुक्की आली. म्हटलं, पैशाकडे बघू नका, वीस टाका! मिस्त्रीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हातातला चहासुद्धा ओशाळला. पत्र्याचा गेज उलटा चालतो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, आणि माझा उदार वीस म्हणजे जेमतेम ०.९. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. शेवटी १६ ठरला.

अमेरिकेची वीस मिनिटं छपराच्या वेळी संपली. तिकडे टॉपर ज्या कठड्यावर बसतो तो हौद्याशी एकजीव असतो. आमचे फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या झडपा, तीन बाजूंनी बिजागऱ्यांवर. खिटी काढली की धाडकन खाली, तेवढ्यावरच तर माल चढतो-उतरतो. त्यांच्या डोक्यावर छप्पर ठेवणं म्हणजे घराच्या दारावर माळा बांधणं. मग चार कोपऱ्यांतून स्क्वेअर पाइपचे पाय थेट खालच्या चॅनलपर्यंत नेले, बोल्टखाली जाड पट्ट्या दिल्या, ड्रिल केलेल्या प्रत्येक भोकाला आधी रेड ऑक्साइड पाजला, नाहीतर गंज तिथूनच शिरतो. उभ्या गाडीवर शंभर किलो म्हणजे शंभर किलो. तेच सायनच्या खड्ड्यात उडून खाली येतात तेव्हा ते वजनकाट्याचं ऐकत नाहीत.

वजनाचं खरं दुखणं वेगळंच. हत्तीची क्षमता ७५० किलो, आणि पत्रा-पाइपचं छप्पर भरलं ११०. भाच्याने जागेवर वजाबाकी केली, उरले ६४०. बारा फ्लॅट, दोन लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, पलंग, पेटी, लाइटचे स्टँड... आणि नेपथ्याचे अण्णा, ९२ किलो, पानाचा डबा वेगळा. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "पलंग काढा. कीर्तनकार चटईवर झोपतात." पलंग गेला.

मधल्या काळात आरटीओ झालं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर जी गाडी लिहिलीय त्याहून वेगळी गाडी मनाला येईल तशी करता येत नाही. अर्ज, शुल्क, तपासणी, यावर स्वतंत्र तीन अंकी नाटक होईल, पण त्याला प्रेक्षक मिळणार नाहीत.

छप्पर मात्र देखणं झालं. कडेला रबरी बीडिंग, पन्हळ, मागे दोन झडपांचं दार. बादलीने पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. शिवाजी मंदिरच्या प्रयोगाच्या दिवशी गोडाउनला गाडी लावली, पहिला फ्लॅट आत सरकवला आणि तो दहा इंच बाहेर राहिला.

हौदा आतून सात फूट दोन इंच. फ्लॅट आठ फूट. इतकी वर्षं मागचा फाळका पाडून, शेपटीला लाल फडकं बांधून आम्ही ते नेत होतो. मी हौद्याची उंची मोजली, रुंदी मोजली, पत्र्याची जाडी मोजली. फ्लॅटची मापं पाठ होती, म्हणून ती मोजली नाहीत. तिरपा, आडवा, उभा, सगळ्या तऱ्हा झाल्या. दार उघडं ठेवून जावं तर आभाळ भरलेलं. दुपारी दीड वाजता अण्णांनी काही न बोलता करवत काढली.

लोकांना रिडेव्हलपमेंटमध्ये वाढीव जागा मिळते. माझे बाराही फ्लॅट एका दुपारी ३२ चे २८ झाले. दरवाजाच्या फ्लॅटचा फूट खालून गेला, त्यामुळे सव्वासहा फुटांचा दरवाजा सव्वापाच फुटांचा झाला. नट पाच फूट दहा इंच. पहिल्या एन्ट्रीला तो सवयीने ताठ आला आणि चौकट थेट कपाळावर बसली. पुढच्या प्रत्येक एन्ट्रीला कमरेत वाकून आला. दिग्दर्शक विंगेत पुटपुटला, "वा, हेच तर मला पहिल्यापासून हवं होतं."

प्रयोगानंतर पहिल्या रांगेतल्या एक बाई आत आल्या. वाकून येणं त्यांना फार आवडलं होतं. माणूस स्वतःच्याच घरात लहान होत जातो, वगैरे. दिग्दर्शक मान डोलावत होता. अण्णा मागे नटाच्या कपाळाला बर्फ लावत होते.

"फक्त एक कळलं नाही," बाई म्हणाल्या. "घरात बांगड्याचा वास पहिल्या अंकापासून येत होता. मला वाटलं, शेवटी कीर्तनकार चोरून मासे खाताना पकडला जाणार. मग ते दाखवलं का नाहीत?"

इतकी वर्षं तो वास उघड्या हौद्यातून उडून जात होता. बंद छपराखाली तासभर मुरून तो बाराही फ्लॅटच्या कापडात उतरला होता. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण दिग्दर्शकाने खिशातून पेन काढलं होतं.

"तो प्रवेश," तो म्हणाला, "पुढच्या प्रयोगापासून आहे."