सांबऱ्याहून दुबई, व्हाया सगळे नातेवाईक

बेळगावात पावसाळा आला की उन्हाची किंमत कळते. आषाढात दोरीवर टाकलेला टॉवेल श्रावणातही ओलाच असतो, मिठाच्या बरणीत पाणी साठते आणि माणसे विनाकारण तात्त्विक बोलू लागतात. याच दिवसांत आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत दुबईला जाण्याचा ठराव मंजूर झाला. नोव्हेंबरात तिथे दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो, पाऊस जवळजवळ नसतो आणि शेजारच्या शारजात माझा मावसभाऊ असतो. यांपैकी तिसरे कारण आईचे होते. बाबांनी ठरावाला एकच उपसूचना जोडली, ती म्हणजे विमान थेट हवे. एकदा बसलो की दुबईलाच उतरायचे, मधे कुठेही विमान बदलायचे नाही.

विमान ही वस्तू बेळगावकरांना नवी नाही. आमच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी १९४२ सालची आहे, म्हणजे वयाने ती सीमाप्रश्नापेक्षाही मोठी आहे. २०१७ साली तिथे नवी टर्मिनल इमारतही झाली. अडचण इतकीच आहे, की तिथून उडणारी विमाने देशातल्या देशात उतरतात. सांबऱ्याहून बंगळूर आणि तिथून दुबई असा सरळ पर्याय मी मांडला. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले तर बॅग परस्पर पुढे जाते. तिकिटे वेगवेगळी काढली तर मात्र ती आपणच उतरवून पुन्हा चढवायची, आणि पहिले विमान रखडल्यामुळे दुसरे चुकले तर त्याचे दुःखही आपणच करायचे. बाबांनी यातले फक्त दुसरे वाक्य ऐकले आणि सांबरा बाद झाला.

राहिली मुंबई. मुंबई ते दुबई हे सुमारे १,९०० किलोमीटरचे अंतर विमान तीन-सव्वातीन तासांत कापते. बेळगाव ते मुंबई हे सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर कापायला स्लीपर बसला अख्खी रात्र लागते. शिवाय आम्हाला परवडणारे विमान पहाटे सुटणार, त्याच्या तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचे, म्हणजे बसने आदल्या दिवशी सकाळीच मुंबई गाठायची आणि तो दिवस डोंबिवलीच्या आत्याकडे काढायचा. आत्याला हे फारच आवडले. मला कोगनोळीची, म्हणजे वाटेतल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेची काळजी होती. सीमाभागात कशावरून तरी वातावरण तापते, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या आपापल्या हद्दीत थांबतात आणि प्रवासी बोचकी सांभाळत पलीकडची गाडी शोधू लागतात. पासपोर्टवर पहिला शिक्का बसण्याआधीच एक सीमा पायी ओलांडण्याचा योग आमच्याच भागातल्या लोकांच्या नशिबी असतो. बाबांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांच्या मते विमान थेट असले म्हणजे झाले, विमानापर्यंतचा प्रवास कसा का असेना.

गोव्याचा आग्रह धाकट्या काकांनी धरला. गोवा जवळ आहे हे खरे. पण तिथे विमानतळ दोन आहेत. दाबोळीला जायचे तर चोर्ला घाट, मोप्याला जायचे तर आंबोली किंवा तिलारी, आणि पावसाने यंदा यांपैकी कोणता रस्ता शिल्लक ठेवला आहे, हे ऑक्टोबर उजाडल्याशिवाय सांगता येत नाही. त्यातच आखातात जाणारी विमाने हंगामाप्रमाणे कमीजास्त होतात. काकांनी या सगळ्याला “बघूया की” एवढेच उत्तर दिले, आणि ज्या योजनेचा आधार “बघूया की” हा असतो, तीत मी सहसा पैसे गुंतवत नाही.

बंगळूरच्या मामांना हे कळताच त्यांनी फोन केला. “राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी माझ्याकडे चहाला या, बंगळूरहून थेट विमान आहे.” मामा जयनगरात, म्हणजे शहराच्या दक्षिणेला राहतात, विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीत आहे. मामांच्या दारातून निघालेली टॅक्सी तिथे पोहोचेपर्यंत मुंबईहून सुटलेले विमान अर्धा अरबी समुद्र ओलांडून गेलेले असते. हे मी त्यांना सांगितले नाही, कारण आईने फोन स्पीकरवर ठेवला होता.

शेवटी आम्ही टिळकवाडीतल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. त्याने पासपोर्टांची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरली आहे ना हे पाहिले, सर्वांची आडनावे नीट छापलेली आहेत ना हे पाहिले आणि मुंबईच्या विमानाची वेळ सांगून तिकिटे काढायला कीबोर्ड पुढे ओढला. एवढ्यात आईने फराळाचा विषय काढला. भाच्यासाठी चिवडा, अनारसे आणि करंज्या न्यायच्या होत्या. एजंटाचे हात थांबले. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती सामानात सापडली तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकते, असे त्याने आईला अत्यंत अदबीने सांगितले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानात चालत नाहीत, कारण त्यांतले तेल पेट घेऊ शकते. अनारशावर खसखस असते आणि करंजीच्या सारणात दोन्ही असतात. आईने किसलेल्या खोबऱ्याबद्दल विचारले, मग भाजलेल्या खोबऱ्याबद्दल विचारले. मग एजंटाने चहा मागवला.

खसखशीशिवाय अनारसे करणे आईला मान्य नाही. “मग खसखस चालते असं एखादं गरम गाव बघा की,” असे तिने तिथेच सुचवले. भाच्याचे काय, असे मी विचारले, तेव्हा तो तिथे येईल, असे उत्तर मिळाले. भावाने सिंगापूरचे नाव घेतले. पण तिथेही खसखशीवर निर्बंध असल्याचे निघाले. एजंटाने बँकॉक सुचवले आणि त्या बिचाऱ्या बियांबद्दल तिथला नियम काय आहे ते विचारून कळवतो म्हणाला. मुंबईहून बँकॉकला थेट विमान आहे, त्यामुळे बाबांची हरकत नव्हती आणि आत्याचा दिवसही वाचला. आम्ही घरी पोहोचेपर्यंत बातमी पसरली होती. बँकॉकलाही बंगळूरहून थेट विमान जाते, हे सांगण्यासाठी मामांचा फोन वाजत होता.