मुलांना मानशीवर न्या

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पाण्याच्या अभियांत्रिकीत मास्टर्स करायला आले तेव्हापासून ज्याची वाट पाहत होते, तो फील्ड ट्रिपचा आठवडा परवा संपला. पाय दुखताहेत, पण गोव्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

इथे फील्ड ट्रिप म्हणजे अभ्यास संपल्यावरची सहल नव्हे. आधी जागेवर नेतात, आकडेमोड मागाहून. झेलंड प्रांतात आऊवेरकेर्क नावाचं गाव आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकदम आलं, बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. या गावाजवळचं भगदाड बुजवेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी पाण्यात बसवलेल्या काँक्रीटच्या चार अजस्र पेट्या अजून तिथेच आहेत, त्यांच्या पोटातच संग्रहालय केलंय. बांध किती उंच हवा याचं गणित प्राध्यापकांनी आम्हाला त्या पेटीत उभं करून शिकवलं. ते मी जन्मात विसरणार नाही.

किंडरडाइकच्या पवनचक्क्याही पाहिल्या. सुंदर आहेत, फोटो सगळ्यांनी पाहिलेच असतील.

मला सर्वांत जास्त हलवलं ते ऑस्टरस्केल्डे या खाडीच्या तोंडावरच्या तटबंदीने. सुमारे नऊ किलोमीटर लांब, पोलादाची ६२ दारं. मूळ बेत खाडीचं तोंड कायमचं बंद करायचा होता. पण तसं झालं असतं तर आतलं खारं पाणी संपून कालवं, शिंपले गेले असते. मच्छीमार आणि निसर्गप्रेमी विरोधाला उभे राहिले, भांडण संसदेपर्यंत गेलं आणि आराखडा बदलला. १९८६ मध्ये उभी राहिलेली ही दारं एरवी उघडी असतात, मोठ्या वादळातच मिटतात. खर्च वाढला, पण खाडी जिवंत राहिली. हा वाद आम्हाला त्या दारांवर उभं करून, दोन्ही बाजू मांडून शिकवला.

आणि मला आमचं खाजन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली सखल शेतजमीन, आठवत राहिलं.

मी माशेलची. समोर दिवाडी, जुवें, पलीकडे चोडण, सगळीकडे मांडवीच्या भरतीला थोपवणारे मातीचे बांध. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याला मानस म्हणतात. भरतीच्या दाबानेच मानशीची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मोटर नाही, वीज नाही. पावसात खारेपणा सोसणारं कोरगूट भात, पुढे सुंगटं (कोळंबी) आणि मासळी. ऑस्टरस्केल्डेचा वादही इथे आहेच: सुंगटांसाठी खारं पाणी जास्त वेळ आत ठेवलं तर भाताचं नुकसान होतं. आमच्या गावकाऱ्यांनी, म्हणजे जमीन सामायिक सांभाळणाऱ्या गावसंस्थांनी, शेकडो वर्षं हा तोल आपसात बोलून, नियम करून सांभाळला.

सिव्हिलची पदवी मी गोव्यातच घेतली. त्या सगळ्या वर्षांत कॉलेजने आम्हाला काँक्रीटचा प्लांट दाखवला, परराज्यातलं धरण दाखवलं. मानशीवर एकदाही नेलं नाही. परीक्षेत तिच्यावर प्रश्न नव्हता, म्हणून शिकवण्यातही ती नव्हती. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. बांध फुटला आणि वेळेवर सांधला नाही की खारं पाणी आत येतं, शेत पडीक पडतं, खारफुटी वाढते. ती वाढली की झाडं तोडायला परवानगी लागते आणि ते शेत बहुतेक परत मिळत नाही. बांध कुठे पाझरतोय हे पावलांनी ओळखणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडून कोण शिकणार? शिकायला पाठवायचं कोणी?

बसचा खर्च, सुरक्षितता, पालकांची परवानगी, ही कारणं मी ऐकली आहेत. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढलं की पलीकडे दिवाडी, चालत जाणाऱ्याला तिकीटही नाही. नेदरलँड्सला जायला मला कर्ज काढावं लागलं. जे शिकायला इथे आले त्याचा निम्मा भाग पणजीहून अर्ध्या तासावर आहे.

माझं म्हणणं एवढंच की सिव्हिल, शेती आणि भूगोल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, गुण देऊन, एक आठवडा खाजनात घालवायला लावा. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांनी स्वतः नोंदवाव्यात, बांधाचा उतार मोजावा, शेतकरी आणि मासळीवाला दोघांचंही ऐकावं. शिकवायला मानस सांभाळणाऱ्या काकांना बोलवा आणि त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकंच मानधन द्या.

मे महिन्यात मी घरी येतेय. पावसाआधी बांधांची डागडुजी चालते ते दिवस बघण्यासारखे. गोव्यातल्या कुठल्याही शाळेने, कॉलेजने मुलं आणायची ठरवली तर मी बरोबर यायला तयार आहे, पैसे नकोत. ज्यांच्या गावात मानस अजून चालू आहे त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. शिक्षकांनी तारखा कळवा.