सांता क्लारा, माझं नाव तेवढं खोड

ज्या बाईला मूल नको आहे तिनं ओबांडोला जाऊ नये. जायचंच असेल तर मे महिन्यातल्या 17, 18 आणि 19 या तारखा सोडून जावं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, "अगं, बघण्यासारखं असतं." तिथं बघायला आलेल्या बाईलाच लोक बघतात, हे मात्र सोयीस्करपणे गाळलं. माझ्या पायाची बोटं अजून ठणकताहेत आणि डोकं त्याहून जास्त.

ओबांडो म्हणजे मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतातलं गाव. जिकडेतिकडे मासळीची तळी, भरती आली की रस्त्यावर पाणी, आणि वरून मेचं ऊन. या तीन दिवसांत गाव रस्त्यावर नाचतं. पहिला दिवस सान पास्कुआल या संताचा, दुसरा सांता क्लारा या संतिणीचा, तिसरा सालांबाओच्या मातेचा, म्हणजे मेरीचा. कुणी नवरा मागतं, कुणी बायको, बहुतेक सगळे मूल. ज्यांना पावतं ते पुढल्या वर्षी पोर कडेवर घेऊन नवस फेडायला पुन्हा नाचतात. नवऱ्याच्या नोकरीपायी आमचा मुक्काम सध्या मनिलात. जीपनीत, म्हणजे इथल्या लांबलचक प्रवासी जीपमध्ये, कोंबून घेतलं, मोनुमेंतो चौकातून निघालो, पोचलो. सांता क्लाराचा दिवस होता.

मी फुटपाथच्या कडेला, सावलीत, फोन वर धरून उभी. समोर बांबूच्या वाद्यांचा ताफा, त्यात एक पितळी ट्रॉम्बोनवाला, फुलं खोवलेल्या टोप्या, फुगीर बाह्यांचे झगे, आणि मागून गाड्यावर डुलत येणारी मूर्ती. छान चाललं होतं. एवढ्यात कोपराला पंख्याची काडी टोचली.

वळून पाहिलं तर एक लोला. म्हणजे आजी. उंची माझ्या खांद्याइतकी, एका हातात पंखा, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत अंडी. सांता क्लाराला अंडी वाहिली की लग्नाच्या दिवशी पाऊस पडत नाही, हे मला माहीत होतं. कडक उन्हात ती कशाला आणली होती, हे विचारायची संधी तिनं दिली नाही.

"बुम्बाय?"

इथं भारतीय दिसला की तो बुम्बाय. पंजाबातून आला असो की मदुराईहून. माझ्या तीन पिढ्या गिरगावात गेल्या, त्यामुळे या देशात हे बिरुद खऱ्या अर्थानं लागू होणाऱ्या मोजक्यांपैकी मी एक. मी अभिमानानं हो म्हटलं. तिनं नवऱ्याकडे पंखा रोखला.

"हा पाच-सहा?"

पाच-सहा म्हणजे मोटरसायकलवरून बाजारात फिरणारे सावकार. पाच घ्या, सहा द्या. हा धंदा बरेच पंजाबी करतात, पण संशय सगळ्यांवर सारखाच. नवरा घाईघाईनं म्हणाला, "नाही नाही, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे." इथं थांबायला काय हरकत होती? पण प्रामाणिकपणा आडवा आला. "बँकांच्या कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर."

"हां," लोला म्हणाली. "कॉम्प्युटरवरचा पाच-सहा."

मग माझ्याकडे वळून, "मुलं किती?"

"नाहीत."

"लग्नाला?"

"झाली दहा-अकरा वर्षं."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सगळा हिशोब जुळल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर पसरलं. "व्याज सोडून दे," तिनं त्याला बजावलं. "सांता क्लाराला व्याज आवडत नाही."

मी म्हटलं, "लोला, तसं काही नाही. आम्हालाच मूल नको आहे. आम्ही ठरवलंय."

"श्श! असं म्हणू नये. ती ऐकते."

"ऐकत असेल तर बरंच आहे. नको, हेच ऐकू दे."

"मागितलेलं ऐकते. न मागितलेलं कसं ऐकेल?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. लोला तोवर रस्त्याकडे तोंड करून ओरडली होती. तिचं तागालोग सगळं कळलं नाही, पण 'बुम्बाय' कळलं आणि 'अनाक' म्हणजे मूल, तेही कळलं. आजूबाजूच्या बायकांनी "आय!" असा एक सुस्कारा टाकला. ट्रॉम्बोनवाल्यानं तोंडातलं वाद्य काढून माझ्याकडे बघितलं. अर्धी मिरवणूक माझ्या पोटाकडे बघत होती.

मग मी माझं ज्ञान पाजळलं. फिलिपिनो लेखक होसे रिसालच्या 1887च्या 'नोली मे तांगेरे' कादंबरीतली दोन्या पिया मूल व्हावं म्हणून इथंच ओबांडोला येऊन नाचते. तिला मुलगी होते, पण पुढे कळतं की मुलीचा बाप नवरा नव्हेच, ओबांडोला जाऊन नाच असा सल्ला देणारा पाद्री आहे. ही कादंबरी इथं शाळेत सक्तीनं शिकवतात, म्हणजे लोला निरुत्तर होणार, अशी माझी खात्री.

लोला पंखा हलवत म्हणाली, "मग? झालं ना मूल?"

पुढच्या क्षणी मी रस्त्यावर होते. नवराही. त्याच्या हातात अंड्यांची पिशवी आली होती. पावलं छोटी टाकायची, कंबर हलवायची, हात वर धरायचे. नवरा ओल्या फरशीवरून चालल्यासारखा नाचत होता, सगळं लक्ष अंड्यांवर. ही एक गोष्ट मात्र मान्य करते: इथं नवऱ्यालाही नाचवतात. आपल्याकडे नारायण नागबळी, सोळा सोमवार, हळदीकुंकवाला मुद्दाम जास्तीची ओटी आणि "कुणाला दाखवलंत का?" हे सगळं बाईच्या खात्यावर. नवऱ्याला फार तर विचारतात, गाडी कोणती घेतलीस.

हा नाच स्पॅनिश यायच्या आधीपासूनचा म्हणे, मिशनऱ्यांनी वर संत बसवले. सालांबाओच्या मातेची मूर्ती तर 1763 साली कोळ्यांच्या जाळ्यात सापडली. दुसरीकडे न्यायला गेले तर होडी जागची हलेना, ओबांडोकडे वळवली तेव्हा सुटली. महायुद्धानंतर चर्चच्या वरिष्ठांनी नाच बंदही पाडला होता, 1972 मध्ये तो परत सुरू झाला. शतकांचा पसारा, दोन-दोन सत्तांचा विरोध आणि मान्यता, आणि एवढ्या सगळ्यातून ते थेट माझ्या कोपरापर्यंत पोचलं.

नवरा म्हणतो, लोलाचा हेतू चांगला होता. होता ना! तोच तर ताप आहे. वाईट हेतूच्या माणसाशी भांडता येतं. चांगल्या हेतूच्या माणसाला "आभारी आहे" म्हणावं लागतं, तेही कंबर हलवत.

माझ्यापुढे एक जोडपं नाचत होतं, तिशीतलं. बाईनं बाळ येशूची छोटी मूर्ती छातीशी धरली होती आणि तिचे डोळे गळत होते, नुसता घाम नव्हता तो. ती खरोखर मागत होती. लोलानं तिच्या पाठीवरून हात फिरवायचा सोडून मला दंडाला धरून तिच्यापुढे ढकललं, पाहुणी म्हणून. गाड्याला हात लावायचा पहिला मान मला. त्या बाईनं बाजूला होऊन वाट दिली, वर हसलीही. मला एवढं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. ज्या खिडकीवर माझं काहीही काम नव्हतं, तिथं मला रांग मोडून उभं केलं होतं. तिला "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचं होतं, पण माझं तागालोग भाजी घेण्यापुरतं.

चर्चच्या दारात लोलानं वही काढली. नाव लिहून ठेवणार, रोज प्रार्थना करणार. मी काहीतरी खोटं नाव सांगणारच होते, तेवढ्यात नवऱ्यानं माझं नाव, त्याचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर फोड करून सांगितलं. पत्ता विचारला असता तर पिनकोडही दिला असता. लोलानं बोटांवर मोजलं. "फेब्रुवारी," ती म्हणाली. "मेमध्ये तिघं या." मग अंडी मोजून घेतली. एकही फुटलं नव्हतं, म्हणून नवऱ्याची पाठ थोपटली.

त्यानं हे सगळं चित्रित केलं होतं, म्हणजे कुणाकडून तरी करून घेतलं होतं, आणि परतीच्या जीपनीत बसल्या बसल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. "गंमत म्हणून." नाशिकहून सासूबाईंचा फोन आम्ही मोनुमेंतोला उतरायच्या आत. या त्याच सासूबाई, ज्यांनी ऑम्लेटचा तवा आयुष्यभर गॅलरीत ठेवायला लावला.

"हात जरा आणखी वर हवे होते गं तुझे," त्या म्हणाल्या. "बरं, ती अंडी किती वाहायची असतात? डझन पुरेत का? मी पैसे पाठवते."