पासआऊट झालेली भाची शुद्धीवरच आहे

भाचीची नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखत आहे. काल रात्री तिचा फोन : "मामा, बायोडेटातलं ‘पास्ड आऊट’ काढून टाकलं. त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे होतो म्हणे!"

कोण म्हणे? तर व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘भारतीयांच्या इंग्रजीतल्या हास्यास्पद चुका’ ही यादी. आमच्या फॅमिली ग्रुपवर ती तीनदा आली, त्यातून एकदा माझ्याच साडूने टाकली.

यादीतला पहिला दावा असा की ‘पास आऊट’ला एकच अर्थ, चक्कर येऊन पडणे, कॉलेजच्या संदर्भात तो वापरला की जग हसतं. एकच अर्थ? अहो, कामठी आपल्या नाकासमोर आहे. तिथल्या एनसीसीच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण संपलं की ‘पासिंग आऊट परेड’ होते. यादीवाल्याच्या हिशेबाने तिथे बँडऐवजी स्ट्रेचर लागायला हवीत. खडकवासल्याला आणि डेहराडूनलाही हीच परेड, हेच नाव. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. ‘पास आऊट’खाली शुद्ध हरपणे दिलंय, आणि लष्करी कॉलेजातून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे हेही दिलंय, ब्रिटिश वापर म्हणून.

एका क्रियापदाचे दोन अर्थ, यात आपल्याला काहून नवल वाटावं? ‘गाडी लागली’ म्हटलं की माणूस नागपूर स्टेशनवर बॅग उचलतो आणि चिखलदऱ्याच्या घाटात प्लास्टिकची पिशवी शोधतो.

बरं, अर्धं खरं आहे तेवढं कबूल करतो. कोशातला अर्थ लष्करी कॉलेजापुरता आहे. साध्या कॉलेजाला तो आपण जोडला. अमेरिकेतल्या माणसाला ‘आय पास्ड आऊट इन २०२३’ एवढंच लिहिलं तर तो तब्येत विचारेल. तिकडे अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. मिहानमधल्या एचआरला मात्र ‘पासआऊट’ पक्कं कळतं. त्यांच्या जाहिरातींतच ‘२०२४ पासआऊट’ छापलेलं असतं.

बाकीचे मुद्दे पटापट. ‘प्रीपोन’ असा शब्दच नाही? त्याच कोशात आहे, ‘भारतीय इंग्रजी’ असा शेरा मारून. ‘रिव्हर्ट’चा उत्तर देणे हा अर्थही तिथेच, त्याच शेऱ्यासह. ‘डिस्कस अबाउट’ चूक म्हणतात, ते बरोबर आहे. एवढं एक जमलं.

साडूला कोशाच्या पानांचे फोटो पाठवलेत. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. रिव्हर्ट करायला घाबरला असेल.