"बारावी पास, 6 महिन्यांत बॅलिस्टिक एक्सपर्ट" म्हणे!

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप. आणि परवा भाच्याने स्वतःच पाठवला, "मामा, भरू का फॉर्म?" म्हणून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गृह मंत्रालयाचं सरकारी ट्रेनिंग निघालंय, बंदूक-गोळी तपासणारा एक्सपर्ट व्हायचं, बारावी पास कुणीही थेट अर्ज करू शकतो, 6 महिन्यांचा कोर्स, शूटिंगची आवड असेल तर प्राधान्य, गोळ्यांचं मॅचिंग मशीन करते, कोर्टाची भानगड नाही, फॅक्ट (फॉरेन्सिकची क्षमता चाचणी) परीक्षा पास झालात की नोकरी पक्की, आणि वर "अमेरिकेत तर हे फुकट शिकवतात". खाली रजिस्ट्रेशनचा क्यूआर कोड. मी याच लाइनमध्ये बरीच वर्षं काढलीयत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, "कुणीही थेट अर्ज करू शकतो". नाही करू शकत. घोडं इथंच अडतं, बाकी सगळं नंतर. शस्त्रं तपासायचं सरकारी ट्रेनिंग आपल्याकडे असतं, पण ते नोकरीत असलेल्यांसाठी. राज्याच्या न्यायसहायक (म्हणजे फॉरेन्सिक) प्रयोगशाळेतला माणूस किंवा पोलीस अधिकारी, त्याचं खातं त्याचं नाव पाठवतं, मग तो दिल्लीला किंवा एखाद्या सीएफएसएलमध्ये, म्हणजे केंद्राच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये, जाऊन शिकून येतो. बाहेरच्या माणसाला त्यासाठी अर्ज करायची खिडकीच नाही. म्हणजे क्रम उलटा आहे, आधी नोकरी, मग ट्रेनिंग. विद्यार्थ्याला फार तर कॉलेजच्या पत्रावर इंटर्नशिप किंवा प्रोजेक्ट मिळतो, आणि त्यातही मुद्देमालाला कोणी हात लावू देत नाही.

बारावीचं म्हणाल तर बारावी सायन्सनंतर डिग्रीला प्रवेश मिळतो, एवढंच खरं. मुंबई, संभाजीनगर आणि नागपूरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, 2020 च्या कायद्याने झालेलं, त्याचा गोव्यातही कॅम्पस आहे. पण हे कोर्स वर्षांचे, महिन्यांचे नाहीत. आणि बॅलिस्टिक्समध्येच जायचं असेल तर फिजिक्स किंवा मॅथ्स सोडू नका, हे मी भाच्यालाही सांगितलं. केंद्राच्या लॅबमध्ये सायंटिस्ट-बीची जागा यूपीएससीकडून निघते, तिथे पीजी लागतं आणि वर अनुभव मागतात. आपल्या राज्यात वरच्या पदांसाठी एमपीएससी, आणि वैज्ञानिक सहायकासारख्या गट क च्या जागांसाठी मुंबईत कलिन्याचं न्यायसहायक प्रयोगशाळांचं संचालनालय स्वतः जाहिरात काढतं, 2024 ला काढली होती तशी. यातल्या एकाही जाहिरातीत क्यूआर कोडवर पैसे मागत नाहीत.

फॅक्ट परीक्षा खरी आहे, खोटी नाही. पण ती भरतीची परीक्षा नाही, त्यातून तुमची तयारी किती आहे ते कळतं आणि सर्टिफिकेट मिळतं. जागा निघाली की त्या जाहिरातीप्रमाणे अर्ज वेगळा, निवड वेगळी.

शूटिंगच्या आवडीला प्राधान्य, हे वाचून खरंच हसलो. आम्ही गोळी झाडतो ती पाण्याच्या टाकीत किंवा कापूस भरलेल्या पेटीत, नेम कसला धरताय? गोळी चेपटी न होता परत हातात यावी एवढंच हवं असतं.

आता मशीनचा मुद्दा, यावर जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, सिरीयल बघून झालेला. पोलिसांकडून पार्सल येतं, लाखेची मोहोर, आधी ती पत्रातल्या नमुन्याशी जुळते का बघायचं. आत एक गावठी कट्टा, दोन रिकाम्या पुंगळ्या, आणि बॉडीतून काढलेली एक गोळी. कट्ट्यातून टेस्ट फायर करायचं, मग कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली डावीकडे टेस्टची गोळी, उजवीकडे गुन्ह्यातली, दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि मध्ये एक बारीक रेघ. आणि मग उजवीकडची गोळी कणाकणाने फिरवत बसायचं, रेघेच्या अलीकडचे ओरखडे पलीकडे सलग जातात का ते बघत. कधी वीस मिनिटांत सापडतं, कधी अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळी मान वळत नाही.

कारखान्यातल्या पिस्तुलाच्या नळीत आटे, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या खाचा, असतात त्यामुळे गोळीवर ठसे पडतात. कट्ट्याची नळी बहुतेक वेळा साधा पाइप, आतून गुळगुळीत, शिवाय काडतुसापेक्षा ढिली, मग गोळी आत खडखडत जाते आणि दोन वेळा झाडली तर दोन्ही वेळा ओरखडे वेगळे. तिथे गोळी सोडून पुंगळीच्या बुडाकडे वळावं लागतं, फायरिंग पिनचा खड्डा कुठे पडलाय, मध्यावर की कडेला, त्याच्या तळाशी काय खुणा आहेत, मागच्या पत्र्याचे ठसे उमटलेत का. कॉम्प्युटरवर डेटाबेस असतो, अमेरिकेत एटीएफ या बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं निबिन नावाचं मोठं नेटवर्क आहे, पण तेसुद्धा "या दोन पुंगळ्या सारख्या वाटतायत, बघा" इतकंच सांगतं. शेवटी मायक्रोस्कोपला डोळा लावून हो की नाही म्हणणारा माणूसच. आणि "सांगता येत नाही" हेही एक उत्तर असतं, नवीन पोरांना ते लिहायला सगळ्यात जड जातं.

मग "कोर्टाची भानगड नाही" हे कुठून आलं असेल? अर्धवट वाचून आलंय. फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा, पूर्वीच्या सीआरपीसीचं कलम 293, आता बीएनएसएसचं 329, यात सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो हे बरोबर. पण त्याच कलमात कोर्ट त्याला बोलावू शकतं असंही आहे, आणि खुनाच्या केसमध्ये बोलावतातही. शिवाय तिथे संचालक, उपसंचालक, सहायक संचालक अशी पदं लिहिलीत, 6 महिन्यांचं सर्टिफिकेट लिहिलेलं नाही.

पिंजऱ्यात काय होतं ते दिल्लीतल्या मॉडेल जेसिका लालच्या केसमध्ये बघा. 1999 चा खून, पिस्तूल सापडलंच नाही, .22 बोअरच्या दोन पुंगळ्या होत्या. बॅलिस्टिक तज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की त्या दोन वेगळ्या शस्त्रांतून झाडलेल्या वाटतात. बचाव पक्षाला हेच हवं होतं. 2006 ला दिल्ली हायकोर्टाने आरोपीची निर्दोष सुटका फिरवली, पुढे या तज्ज्ञावर खोट्या साक्षीची कारवाई करायचा आदेश निघाला, आणि 2016 ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. हा तज्ज्ञ पहिल्यापासून सांगत होता की पक्कं मत द्यायला शस्त्र हातात हवं. म्हणजे एका वाक्यासाठी इतकी वर्षं. हे ऐकून पण ज्याला या लाइनमध्ये यावंसं वाटतं त्याने जरूर यावं, माणसं कमी आहेत. 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस घटनास्थळी जायलाच हवा असं बीएनएसएसच्या 176(3) मध्ये आलंय, राज्यांना ते लागू करायला 5 वर्षांपर्यंत मुदत आहे, त्यामुळे काम वाढणारच आहे.

राहिली अमेरिका. एटीएफची नॅशनल फायरआर्म्स एक्झामिनर अकॅडमी आहे, साधारण वर्षभराचं ट्रेनिंग, आणि नाव चांगलं आहे. पण तिथे कोण जातं? तिथल्याच फेडरल, राज्याच्या किंवा स्थानिक सरकारी लॅबमध्ये आधीच लागलेला नवखा एक्झामिनर. म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच, आधी नोकरी, मग ट्रेनिंग. "फुकट" आहे ते ज्याला त्याची लॅब पगार देतेय त्याला, नाशिकहून पासपोर्ट घेऊन निघालेल्याला नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास लागला. शेवटी म्हणाला, "मामा, पण मित्राने तर 4,999 भरलेत." म्हटलं त्याला आजच बँकेत फोन करायला सांग, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पण. तुमच्याही ग्रुपवर कुणी भरले असतील तर तेच सांगा, आणि स्क्रीनशॉट डिलीट करू नका, तक्रारीला लागतो.